फ्लॉवर कोरडा ठेवा: साठवण, निवडणं आणि शिजवणं

फ्लॉवरची भाजी बेचव झाली की बहुतेक जण मसाल्याला दोष देतात. माझ्या मते दहातल्या आठ वेळा दोष पाण्याचा असतो. फ्लॉवरच्या वजनात सुमारे ९२ टक्के पाणीच असतं. त्यात आपण बाहेरून आणखी पाणी भरतो: आणल्या आणल्या धुऊन ओलाच फ्रिजमध्ये ठेवतो, निथळू न देता कढईत टाकतो, वर घट्ट झाकण घालतो. मग पिशवीत काळे ठिपके, कढईत लगदा आणि घरभर उग्र वास. तक्रारी तीन असल्या तरी मूळ एकच आहे. त्यामुळे खाली जे काही सांगितलं आहे, त्यात तापमान आणि मिनिटं असली तरी नजर सतत पाण्यावर ठेवायची आहे.

गड्डा घेताना

आपण खातो तो पांढरा भाग म्हणजे न उमललेला फुलोरा. कोबी, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि फ्लॉवर या सगळ्या भाज्या ब्रासिका ओलेरेसिया या एकाच प्रजातीच्या. फ्लॉवरची पानं फुलोऱ्यावर सावली धरतात म्हणून तो पांढरा राहतो. ऊन लागलं की पिवळसर होतो. असा फिकट पिवळा गड्डा खराब नसतो, चवीतही फारसा फरक पडत नाही. तेव्हा निव्वळ शुभ्रपणा पाहून निवड करू नका.

पाहायचं ते असं: गड्डा हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. तुरे एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत, बोटाने दाबल्यावर दबता कामा नयेत. वरचा भाग तांदळाचे दाणे विखुरल्यासारखा खरखरीत दिसत असेल, तर फुलोरा उमलायच्या वाटेवर आहे. खायला तो चालतो, पण शिजताना भुगा होतो, म्हणून सूपसाठी ठेवावा. पानं हा ताजेपणाचा सगळ्यात प्रामाणिक पुरावा. ती हिरवी, ताठ आणि देठाला पक्की असतील तर गड्डा नुकताच काढलेला आहे. पानं पिवळी पडून हात लावताच गळत असतील, तर वर कितीही पांढरा दिसो, तो बराच काळ पडून आहे. पानं पूर्ण छाटून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गड्डा मिळत असेल, तर आवरणाच्या आत पाण्याचे थेंब जमलेत का ते बघा. थेंब दिसले तर दुसरा घ्या.

आकाराचा चवीशी संबंध नाही. मोठ्या गड्ड्यात देठही तेवढाच मोठा असतो, त्यामुळे दोन माणसांच्या घरात लहान गड्डाच परवडतो.

घरी आणल्यावर

पहिला नियम: धुऊ नका. तुऱ्यांच्या आतल्या फटींमध्ये शिरलेलं पाणी सहजी सुकत नाही, आणि बुरशीला तेवढंच पुरतं. धुणं वापरायच्या दिवशी.

दुसरी गोष्ट, शक्य असेल तर आठवड्याभरासाठीचा फ्लॉवर अख्खाच ठेवा. कापला की प्रत्येक कापावर पेशी फुटतात, पाणी बाहेर येतं, हवेशी संबंध येऊन कडा तपकिरी होतात. अख्खा गड्डा घरच्या फ्रिजमध्ये आठवडाभर, चांगला ताजा असेल तर दहा दिवसही टिकतो. कापलेले तुरे चार-पाच दिवसांत संपवावेत.

ठेवायची पद्धत:

१. बाहेरची सुकलेली, चिखल लागलेली पानं काढा. आतली कोवळी पानं राहू द्या. ती गड्ड्याला ओलावाही देतात आणि धक्क्यापासूनही वाचवतात.

२. गड्ड्यावर ओल दिसत असेल तर कोरड्या कपड्याने टिपून घ्या. पुसताना घासू नका. वरचा थर फार नाजूक असतो, जिथे दाब पडतो तिथे दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग उठतो.

३. कागदी रुमालात किंवा पातळ सुती कपड्यात सैल गुंडाळा आणि पिशवीत घाला. पिशवीचं तोंड उघडं ठेवा किंवा तिला चार-पाच भोकं पाडा.

४. देठ वर, फुलोरा खाली अशा बेताने भाज्यांच्या कप्प्यात ठेवा. म्हणजे पिशवीत ओल जमलीच तर ती फुलोऱ्यावर साचून राहत नाही, कागदात टिपली जाते.

५. दोन-तीन दिवसांनी कागद चाचपून बघा. दमट झाला असेल तर बदला. ही एवढीशी तसदी घेतली तर फ्लॉवरचं आयुष्य खरोखर वाढतं.

पिशवी पूर्ण बंद का नाही? काढणीनंतरही फ्लॉवर श्वास घेत असतो, म्हणजे आतून वाफ सोडत असतो. ती बाहेर पडली नाही तर थेंब होऊन परत त्याच्यावरच बसते. पिशवीच नसेल, तर फ्रिजची कोरडी हवा त्याला शोषून घेते आणि गड्डा रबरासारखा लवचीक होतो. भोकांची पिशवी हा या दोन्हींमधला मार्ग.

मोठ्या शीतगृहांत फ्लॉवर ०° सेल्सिअस आणि ९५ ते ९८ टक्के आर्द्रतेत ठेवतात, तिथे तो तीन-चार आठवडे टिकतो. घरच्या फ्रिजमध्ये ४ ते ५ अंश असतात, त्यामुळे तेवढी अपेक्षा करू नये. आणि फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटवूनही ठेवू नये. तिथे तापमान शून्याखाली गेलं की तुऱ्यांतलं पाणी गोठतं आणि वितळल्यावर तो भाग पारदर्शक, मऊ आणि करडा दिसू लागतो.

शेजार कोणाचा आहे तेही महत्त्वाचं. सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो, खरबूज ही फळं इथिलीन वायू सोडतात. फ्लॉवर या वायूला फार संवेदनशील आहे. त्याची पानं पिवळी होऊन गळतात, तुरे तपकिरी पडतात. फळं आणि फ्लॉवर वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा.

कापून ठेवायचाच असेल तर तुरे न धुता, तळाशी कागदी रुमाल घातलेल्या डब्यात, एकावर एक फार न रचता ठेवा. झाकण किंचित सैल.

टाकायचा की वापरायचा?

पिवळसरपणा: काही बिघडलेलं नाही, वापरा.

फिकट तपकिरी ठिपके: हवा लागून किंवा घासून आलेले. सुरीने खरवडून काढा, बाकीचा भाग चांगला असतो.

काळे, मखमली ठिपके: ही बुरशी. एक-दोन असतील तर आजूबाजूचा थोडा भाग धरून कापून टाका आणि उरलेला त्याच दिवशी शिजवा. गड्डाभर पसरले असतील तर सगळाच टाका.

हाताला बुळबुळीत लागणं, कुजका वास, देठ मऊ होऊन पाणी सुटणं: इथे वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

गड्डा नुसता मरगळला असेल तर देठाचं टोक कापून तो तासभर गार पाण्याच्या भांड्यात देठावर उभा ठेवा. पाणी देठापुरतंच. बऱ्यापैकी ताठरपणा परत येतो.

निवडणं आणि कापणं

फ्लॉवर वरून सुरी घालून चिरला की ओटाभर पांढरा भुगा होतो. गड्डा उलटा ठेवून खालून सुरुवात करा. पानं काढा, देठ गड्ड्याच्या पातळीवर कापा, मग सुरीचं टोक मधल्या दांड्याभोवती तिरकं फिरवून शंकूच्या आकाराचा गाभा काढून घ्या. आता मोठे तुरे हातानेच सुटे होतात. तुरा अजून लहान करायचा असेल तर त्याच्या देठाला खालून चीर द्या आणि दोन्ही हातांनी ओढून फाडा. फुलाच्या बाजूला सुरी लागत नाही, भुगा पडत नाही.

फक्त एकाच कामासाठी फुलातून सुरी घालावी: भाजण्यासाठी. तुऱ्याला एक सपाट बाजू मिळाली की ती तव्याला किंवा ट्रेला नीट टेकते आणि छान खरपूस होते.

तुरे एकाच मापाचे असावेत हे सगळेच सांगतात. पण खरी अडचण आकारापेक्षा देठाची असते. फूल तीन मिनिटांत मऊ होतं, त्याखालचा जाड देठ मात्र सहा मिनिटं घेतो. म्हणून जाड देठाच्या तुऱ्याला बुडाशी अधिकची एक उभी चीर द्यावी. वाफ आत शिरते आणि फूल-देठ बरोबरीने शिजतात.

दांडा आणि पानं फेकून देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. गड्ड्याच्या वजनाचा केवढा तरी वाटा त्यांचाच असतो. दांड्याचं बाहेरचं जाड, धागेदार साल काढलं की आतला भाग गोडसर आणि कुरकुरीत असतो. त्याच्या पातळ चकत्या तुऱ्यांच्या दोन मिनिटं आधी कढईत घालायच्या. कोवळी पानं चिरून तेल-मिठात परतता येतात, आणि भाजताना शेवटच्या दहा मिनिटांत ट्रेवर टाकली तर चिप्ससारखी कुरकुरीत होतात. त्यांच्या मधल्या जाड शिरा तेवढ्या काढून टाकाव्यात.

अळ्या आणि धुणं

फ्लॉवरमध्ये प्रामुख्याने दोन पाहुणे सापडतात. हिरव्या अळ्या, ज्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या किंवा कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या असतात, आणि मावा, म्हणजे देठाच्या खोबणीत चिकटून बसलेले बारीक करडे-हिरवे किडे. दोन्ही दिसायला किळसवाणे, पण विषारी नाहीत.

१. आधी तुरे सुटे करा. अख्खा गड्डा पाण्यात बुडवून आतल्या फटींपर्यंत काही पोचत नाही.

२. मोठ्या पातेल्यात कोमट पाणी घ्या, दर लिटरला एक चमचा मीठ. तुरे पूर्ण बुडवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तरंगतात, म्हणून वर एखादी ताटली दाबून ठेवा. मिठाच्या पाण्यात अळ्या पकड सोडतात.

३. तुरे हाताने उचलून घ्या. पातेलं चाळणीत ओतू नका, नाहीतर तळाशी बसलेली माती आणि किडे परत वरच येतात.

४. वाहत्या पाण्याखाली प्रत्येक मूठभर तुरे उलटसुलट धुवा. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात वापरू नका, भाजी ते शोषते.

५. चाळणीत फूल खाली, देठ वर असे निथळत ठेवा. दहा मिनिटांनी स्वच्छ कपड्यावर पसरा, टिपा आणि अजून अर्धा तास तरी वाळू द्या.

पाचवी पायरी लोक गाळतात आणि नंतर भाजीला पाणी का सुटलं म्हणून विचारतात. घाई असेल तर पंख्याखाली ठेवा, पण वाळवा. ज्यांना संध्याकाळी वेळ नसतो त्यांनी सकाळी धुऊन कपड्यावर पसरून ठेवावा, अगदी सोयीचं पडतं.

फ्लॉवरमधली अळी पोटातून डोक्यात जाते अशी भीती अनेकांच्या मनात असते. ती दोन वेगळ्या गोष्टींच्या गोंधळातून आली आहे. फ्लॉवरवरची हिरवी अळी ही पतंगाची किंवा फुलपाखराची पिल्लावस्था. ती चुकून शिजून पोटात गेली तर पचून जाते, शरीरात वाढत नाही. मेंदूत गाठी होण्याचा आजार होतो तो डुकरांमार्फत पसरणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे. ही अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि दूषित पाणी, माती किंवा न धुतलेले हात यांमधून अन्नावर येतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फ्लॉवरवरच येतात असंही नाही. कच्ची खाल्ली जाणारी कोणतीही भाजी या मार्गात येऊ शकते. नीट शिजवल्यावर अंडी मरतात. कच्चा खाणार असाल तर मात्र वाहत्या पाण्याखाली फार काळजीपूर्वक धुवा आणि मिठाच्या पाण्यावर भिस्त ठेवू नका. पाणी आणि भाजीच्या उगमाची खात्री नसेल तर शिजवूनच खावा.

वास कुठून येतो

फ्लॉवरमध्ये गंधकयुक्त संयुगं असतात. उष्णता मिळाली की ती फुटतात आणि त्यातून वास मारणारे वायू तयार होतात. मोजकी मिनिटं शिजवलेल्या फ्लॉवरचा वास गोडसर, दाण्यासारखा असतो. जसजशी मिनिटं वाढतात तसतशी ही संयुगं अधिकाधिक फुटत जातात. म्हणजे वासावरचा उपाय पाण्यात काहीतरी टाकणं हा नसून वेळेवर गॅस बंद करणं हा आहे. बंद भांड्यात हे वायू कोंडतात, तेव्हा उकळताना झाकण उघडंच ठेवा.

पाण्यात खाण्याचा सोडा घालू नका. अल्कधर्मी पाण्यात फ्लॉवर पिवळा पडतो, झटकन गिळगिळीत होतो आणि क जीवनसत्त्वही जातं. उलट लिंबाचे चार थेंब टाकले तर रंग पांढरा राहतो. पण ते शेवटी टाका, कारण आंबट पाण्यात भाजी मऊ व्हायला वेळ लागतो. याच कारणाने टोमॅटोच्या रश्शात कच्चे तुरे टाकले की ते बराच वेळ कडक राहतात. तेलाने न मुरवलेल्या लोखंडी कढईत शिजवला तर फ्लॉवर काळपट दिसू शकतो. खायला हरकत नाही, पण पांढरं सूप करायचं असेल तेव्हा स्टीलचं भांडं घ्यावं.

वाफवणं आणि उकडणं

दोन्हींमध्ये वाफवणंच चांगलं. उकडताना क जीवनसत्त्व आणि चव दोन्ही पाण्यात उतरतात, आणि आपण ते पाणी ओतून देतो. चाळणीखाली पाणी आधी उकळवा, मग तुरे ठेवा, आणि घड्याळ तेव्हापासून लावा. तीन-चार सेंटिमीटरच्या तुऱ्यांना पाच ते सात मिनिटं लागतात. सुरीचं टोक देठात किंचित अडकत आत गेलं पाहिजे, लोण्यात गेल्यासारखं नाही. गॅस बंद केल्यावर लगेच ताटात पसरा, कारण भांड्यातल्या उष्णतेवर तो शिजतच राहतो.

उकडायचाच असेल तर भरपूर, खळखळतं आणि चांगलं खारट पाणी, चार-पाच मिनिटं, आणि मग चाळणीत ओतून दोन मिनिटं वाफ जाऊ देणं.

मायक्रोवेव्हला लोक उगाच नावं ठेवतात. काचेच्या भांड्यात धुतलेले तुरे, वर दोन चमचे पाणी, सैल झाकण, तीन-चार मिनिटं, मग दोन मिनिटं तसंच. जवळपास पाणीच नसल्याने चव आणि पोषण दोन्ही टिकतं. प्रेशर कुकर मात्र फ्लॉवरसाठी नाहीच. शिटी होईपर्यंत तो संपलेला असतो. अपवाद फक्त सूपचा.

ओव्हनमध्ये भाजणं

फ्लॉवर न आवडणाऱ्याला एकच पदार्थ खाऊ घालायचा असेल तर मी हा घालेन. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आणि खरपूसपणा यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणजे आधी पाणी उडालं पाहिजे, मगच रंग येतो. बाकी सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

ओव्हन २२० अंशांवर तापवा आणि ट्रेही आतच तापू द्या. पूर्ण वाळलेले, एका बाजूने सपाट कापलेले सुमारे ५०० ग्रॅम तुरे घ्या. दोन ते तीन मोठे चमचे तेल हाताने चोळा, कारण फुलाच्या खाचांमध्ये तेल नुसतं शिंपडून जात नाही. मीठ अगदी ट्रेवर घालायच्या क्षणी. आधी घालून ठेवलं तर ते पाणी खेचून बाहेर आणतं. तापलेल्या ट्रेवर सपाट बाजू खाली, तुऱ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून एकच थर लावा. ट्रे गच्च भरला तर तुरे भाजत नाहीत, एकमेकांच्या वाफेत उकडतात. लहान ओव्हन असेल तर दोन खेपा करा.

पंधरा मिनिटं हात लावू नका. मग उलटा आणि आणखी दहा-बारा मिनिटं. कडा गडद तपकिरी होऊ द्या. सोनेरी रंगावरच लोक घाबरून बाहेर काढतात, पण खरी चव त्याच्या पुढच्या टप्प्यात आहे. तिखट, जिरेपूड, लसूण यांतलं काहीही सुरुवातीला घालू नका, ते करपून कडू होतं. शेवटच्या पाच मिनिटांत घाला. लिंबू पिळायचं ते बाहेर काढल्यावर.

एअर फ्रायरमध्ये १९० ते २०० अंश, बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. टोपली अर्धीच भरा.

अख्खा गड्डा भाजायचा असेल तर तो आधी खारट उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटं शिजवून घ्यावा लागतो, नाहीतर बाहेरून काळा आणि आत कच्चा राहतो. पाण्यातून काढल्यावर फूल खाली करून पंधरा मिनिटं निथळू द्या, तेल लावा, २२० अंशांवर ३५ ते ४५ मिनिटं ठेवा. दिसतो देखणा. चवीला सुट्या तुऱ्यांची सर येत नाही, कारण भाजलेला भाग फक्त बाहेरचा असतो.

जाड काप काढायचे असतील तर देठासकट गड्ड्याच्या मध्यातून दोन-अडीच सेंटिमीटरचे कापा. एका गड्ड्यात दोन, फार तर तीन निघतात. कडेचे भाग सुटतात, ते दुसऱ्या कामाला घ्या. तव्यावर दोन्ही बाजू तीन-चार मिनिटं खरपूस करून २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं आत ढकला.

कढईत परतणं

पसरट आणि जाड बुडाची कढई, आणि तिच्यात फार तर दोन थर. तेल चांगलं तापू द्या, तुरे टाका, मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं अधूनमधून हलवत परता. या वेळात मीठ नाही, झाकण नाही. कडांना तपकिरी डाग आले की मीठ-मसाला घाला, आच मंद करा आणि तीन-चार मिनिटांपुरतं झाकण ठेवा. झाकण उचलताना सरळ वर न उचलता तिरकं करून बाजूला घ्या. त्याच्या आतल्या बाजूचं पाणी कढईत पडलं तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते. शेवटी पुन्हा दोन मिनिटं उघडं ठेवून परता.

बाहेरून पाणी घालायची गरज जवळजवळ कधीच नसते. खाली लागतंय असं वाटलं तर एक चमचा, तोही कढईच्या कडेने.

रश्शात घालायचा असेल तर तुरे आधी असेच परतून किंवा भाजून बाजूला काढा, रस्सा पूर्ण तयार करा, आणि शेवटच्या पाच-सात मिनिटांत तुरे सोडा. एवढ्यात त्यांना रस्सा पुरेसा लागतो आणि आकारही टिकतो.

सूप, पुरे, दाणे, तळण

सूप आणि पुरे (शिजवून मिक्सरमधून काढलेला दाट, मऊ लगदा) यांसाठी सगळे नियम उलटे होतात, इथे फ्लॉवर पूर्ण मऊ व्हायलाच हवा. पंधरा-अठरा मिनिटं मोजक्या पाण्यात किंवा दुधात शिजवा. पुरे करायची असेल तर निथळून रिकाम्या भांड्यात दोन मिनिटं मंद आचेवर हलवून उरलेली ओल उडवा, मग लोणी घालून फिरवा. फ्लॉवरमध्ये स्टार्च फार कमी असल्याने तो कितीही फिरवला तरी बटाट्यासारखा चिकट होत नाही. मिक्सरमध्ये गरम मिश्रण निम्म्याच्या वर भरू नका, आणि वाफेला वाट ठेवा. सूपसाठी निम्मे तुरे आधी परतून घेतले तर चवीला खोली येते.

तांदळाच्या दाण्याएवढा बारीक केलेला फ्लॉवर भाताऐवजी खाण्याची पद्धत आता बरीच पसरली आहे. त्याला भाताची चव येत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली की निराशाच होते. भाजी म्हणून खाल्ला तर उत्तम. किसण्याआधी धुऊन वाळवा, किसल्यावर पाणी लावू नका. मिक्सरचं भांडं एक तृतीयांश भरा आणि थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलं तर खालचा भाग पेस्ट होतो. पसरट तव्यावर मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, झाकणाशिवाय, मीठ सगळ्यात शेवटी. पिठासारखा मळायला वापरायचा असेल तर शिजवून, गार करून, कपड्यात घट्ट पिळून घ्या. निघणारं पाणी पाहून चकित व्हाल.

तळायचा असेल तर दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडा करा, कॉर्नफ्लोअर भुरभुरवा आणि मगच पातळ पिठात बुडवा. ओल्या तुऱ्याला पीठ धरत नाही. तेल १७५ ते १८० अंश, एका वेळी थोडेच तुरे.

व्हिनेगरमधला फ्लॉवर सोपा: सम प्रमाणात पाणी आणि ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर, मीठ, थोडी साखर, उकळून कच्च्या तुऱ्यांवर ओतायचं आणि गार झालं की फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवसापासून खाता येतो. कधीकधी तुरे गुलाबी होतात, तो आम्लाचा परिणाम आहे, बिघाड नव्हे.

जांभळा फ्लॉवर उकळला की रंग पाण्यात जातो. तो भाजावा किंवा लिंबू लावून कच्चा खावा. नारिंगी जातीत बीटा-कॅरोटीन असतं आणि त्याचा रंग शिजवल्यावरही टिकतो.

फ्रीझरसाठी

कच्चे तुरे तसेच गोठवले तर काही आठवड्यांत चव आणि रंग दोन्ही उतरतात, कारण आतली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात. त्यांना आधी उष्णतेने थांबवावं लागतं. अडीच सेंटिमीटरचे तुरे लिटरला चमचाभर मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात बरोबर तीन मिनिटं ठेवा, लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, मग कपड्यावर कोरडे करा. ट्रेवर सुटे-सुटे गोठवून घट्ट झाले की पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तारीख लिहा. उणे १८ अंशांवर आठ ते बारा महिने चांगले राहतात. वापरताना वितळवू नका, थेट गरम कढईत किंवा सूपमध्ये टाका. ताज्यासारखा कुरकुरीतपणा मिळणार नाही, म्हणून सूप, पुरे आणि रश्शासाठीच ठेवा.

पोटाला जड जात असेल तर

फ्लॉवरमधला मॅनिटॉल आणि काही शर्करा लहान आतड्यात नीट पचत नाहीत, पुढे जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. ज्यांना त्रास होतो त्यांनी कमी प्रमाणात आणि पूर्ण शिजवून खावा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेल्या भाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू-घटवू नये, डॉक्टरांना विचारावं. थायरॉइडचा आजार असणाऱ्यांनीही कच्च्या फ्लॉवरचा रस वगैरे प्रकार टाळावेत. आहारात पुरेसं आयोडीन असेल तर शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात सहसा चालते.

उरलेला फ्लॉवर

शिजवलेला फ्लॉवर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. उथळ डब्यात ठेवला तर लवकर गार होतो. तीन-चार दिवस टिकतो, पण डबा उघडला की वास जाणवतो, तेव्हा झाकण घट्ट हवं. परत गरम करताना झाकण घालून वाफ देऊ नका. कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता, म्हणजे जमलेली ओल उडते आणि कडा पुन्हा थोड्या कुरकुरीत होतात. तरीही मऊच राहिला, तर सरळ गरम दुधाबरोबर मिक्सरमधून काढा आणि मिरपूड घालून सूप करा.